चोविसाव्या काडेपेटीतला फोटो

मंडळी, या ग्रुपवर मी चार वर्षं फक्त वाचायला येते. आणि खरं सांगू का... बरेचदा अर्धं वाचून, हसून बंद करते. तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये मी चौदा वर्षं नोकरी करते आहे. सँपल आलं की तपासायचं, रीडिंग लिहायचं, शंका आली तर पुन्हा तपासायचं – हे माझं काम आणि हाच माझा स्वभाव. भूतबीत, चकवा, कुणीतरी हाक मारली – असलं काही मला कधी पटलं नाही. अजूनही 'पटलं' असं म्हणणार नाही. पण मागच्या डिसेंबरात आमच्या घरात जे झालं ते मला पुन्हा तपासता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. घाबरवणारं काही नाही, आधीच सांगते. उलट आमच्या घरातला इतका आनंदाचा महिना मला दुसरा आठवत नाही.

आम्ही बोईसर वेस्टला राहायचो. नवापूर रोडवरून आत वळलं की जुन्या चार मजली बिल्डिंगा आहेत, त्यातल्या एकीत तिसऱ्या मजल्यावर. मी, माझा नवरा महेश, नऊ वर्षांची सई आणि माझे सासरे. सासऱ्यांना सगळेच अण्णा म्हणतो, सईसुद्धा. ते मूळचे सातारा जिल्ह्यातले, कोरेगावजवळचे. इथल्या एका कापड कंपनीत एकतीस वर्षं फिटर होते. सासूबाई – म्हणजे आई – त्याच्या आदल्या वर्षी वैशाखात गेल्या.

आई गेल्यापासून अण्णा गप्प झाले होते. रडले नाहीत, चिडले नाहीत, फक्त गप्प. ज्या माणसाने आयुष्यभर पहाटेची शिफ्ट केली तो दहा-दहा वाजेपर्यंत अंथरुणात पडून राहायला लागला. खाली उतरणं बंद. मित्र बंद. विचारलं तर एकच उत्तर, "उठून काय करू?"

माझ्या लॅबमध्ये सिल्व्हिया म्हणून मैत्रीण आहे, वसईची. एकदा सई तिच्या घरी गेली आणि तिथे तिने एक गंमत बघितली – पुठ्ठ्याचं कॅलेंडर, त्याला चोवीस छोटी दारं. एक डिसेंबरपासून रोज एक दार उघडायचं, आत चॉकलेट. नाताळ येईपर्यंत. सिल्व्हिया म्हणाली, त्याला अ‍ॅडव्हेंट कॅलेंडर म्हणतात. वाट बघायचं कॅलेंडर.

घरी येताना स्कूटीवर मागे बसून सई माझ्या कानाशी म्हणाली, "मम्मा, अण्णांसाठी करूया? रोज एक दार असलं तर त्यांना उठावंच लागेल ना."

मला गाडी बाजूला घ्यावी लागली. डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून.

पुठ्ठ्याची दारं नीट जमेनात. मग सईनेच काडेपेट्यांची युक्ती काढली. काडेपेटीला आयता ड्रॉवर असतो! किराणावाल्याकडे चोवीस काडेपेट्या एकदम मागितल्या तर तो माझ्याकडे बघतच राहिला. "भाभी, सब ठीक है ना घर में?" म्हणाला. काड्या सगळ्या एका स्टीलच्या डब्यात ओतल्या. पेट्या सहाच्या चार रांगांत फेव्हिकॉलने चिकटवल्या, वर रंगीत कागद, प्रत्येकीवर सईच्या हाताने आकडा. सात उलटा काढला होता, तो तसाच ठेवला.

आत काय ठेवायचं? चॉकलेट नको, अण्णांना शुगर आहे. म्हणून फोटो. जुने अल्बम काढले, मोबाइलने फोटो काढले आणि स्टेशनजवळच्या स्टुडिओत पासपोर्ट साइजमध्ये प्रिंट करून घेतले. एका शीटवर आठ बसतात. तीन शीट, चोवीस फोटो. मी मोजून घेतले. माझी सवय आहे.

आईंचा फोटो ठेवायचा की नाही यावर आमचं बरंच बोलणं झालं. महेश म्हणाला नको, ते अजून खचतील. शेवटी ठरलं – एकच ठेवायचा आणि तो चोविसाव्या पेटीत, अगदी शेवटी. बाकीच्या तेवीस फोटोंत आई कुठेच नाहीत अशी काळजी घेतली. आणि ते तेवीस कुठल्या पेटीत जातील हे कुणीच ठरवलं नाही. सईने डोळे मिटून पत्त्यांसारखे पिसले आणि एकेक आत सरकवला. मी समोर बसले होते. फोटो पालथे होते, मलाही दिसले नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे हेच महत्त्वाचं आहे.

एक डिसेंबरला सकाळी सव्वासातला शाळेच्या युनिफॉर्ममध्ये सई अण्णांच्या उशाशी उभी राहिली. "अण्णा, उठा. एक नंबर उघडा. मी बघितल्याशिवाय शाळेत जाणार नाही."

अण्णा उठले. पेटी सरकवली. आत सईचाच फोटो निघाला, पहिल्या वाढदिवसाचा, तोंडभर केक. अण्णा थोडंसं हसले. आम्हाला तेवढंही पुष्कळ होतं.

दुसऱ्या दिवशी राऊतकाका निघाले. हे माकुणसारचे, कंपनीत अण्णांच्या बरोबरीचे. फोटो केळव्याच्या समुद्रावरच्या पिकनिकचा होता. दोघं पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून उभे. रिटायर झाल्यावर एकदा-दोनदा भेट झाली असेल, नंतर संपर्कच नाही. अण्णा म्हणाले, "कुठं असंल कुणास ठाऊक हे बेणं."

संध्याकाळी चारला बेल वाजली. मला सुट्टी होती, दार मी उघडलं. राऊतकाका! हातात केळीचा घड आणि वाडीतली विड्याची पानं.

"बँकेत काम व्हतं," ते म्हणाले. "बोललो, इथवर आलो तर बघू जिता हाय का आमचा फिटर."

दोघं दोन तास बोलत बसले. मी तीनदा चहा केला. योगायोग... कुणीही असंच म्हणेल. मीही म्हणाले.

चार तारखेला आत्याचा फोटो निघाला, म्हणजे महेशच्या बहिणीचा. ती कोरेगावला असते. तिचा फोन नेमाने रविवारी येतो. त्या दिवशी गुरुवार होता आणि आठ वाजता फोन वाजला. "काय न्हाय, सहज. सकाळपास्नं अण्णाची आठवण येत हुती."

मग महेशचा पुण्याचा मित्र. मग सईच्या बालवाडीच्या बाई. त्या मला चार वर्षांत दिसल्या नव्हत्या आणि त्या दिवशी भाजीच्या गाडीवर माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या! पेटीत ज्याचा फोटो निघेल तो माणूस त्या दिवशी यायचा, नाहीतर भेटायचा, नाहीतर त्याचा फोन यायचा. सईने वहीत तक्ता आखला. 'आले', 'फोन', 'रस्त्यात'. घरातल्याच माणसाचा फोटो निघाला तर 'मोजायचं नाही'.

मी लॅबवाली. माझा पहिला संशय अण्णांवर. हेच गुपचूप फोन करून बोलावत असतील. एका दुपारी ते अंघोळीला गेले तेव्हा मी त्यांचा फोन तपासला. लाज वाटली, पण तपासला. आठवडाभरात त्यांनी एकही फोन केला नव्हता. मग सईच्या वयाचा विचार केला. एवढं जमवणं तिच्या हातातलं नव्हतं. महेशवर संशय घ्यावा तर त्याला स्वतःच्या बहिणीचा वाढदिवस आठवत नाही.

आणि मग नऊ तारीख.

नऊ नंबरात माणूस नव्हताच. अण्णांची जुनी निळी स्कूटर होती, महेश कॉलेजात असताना विकलेली. मला जरा हायसं वाटलं. म्हटलं, आता हा खेळ संपला. स्कूटर काही बेल वाजवणार नाही.

माझी शिफ्ट दुपारची होती, मी घरीच होते. साडेअकराच्या सुमारास खालून धडधड आवाज आला. अण्णा गॅलरीत गेले आणि तिथूनच ओरडले, "वर्षा! पोरी, हिकडं ये!"

वर्षभरात मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. धावत गेले. सोसायटीचा पंप दुरुस्त करायला इलेक्ट्रिशियन आला होता आणि त्याच्या बुडाखाली ती स्कूटर. रंग आता काळा होता. अण्णा जिना उतरून खाली गेले – आई गेल्यापासून पहिल्यांदा – आणि मागच्या मडगार्डवर वाकले. तिथे खिळ्याने कोरलेला 'म' होता. महेशने सातवीत असताना कोरला होता आणि त्याबद्दल मारही खाल्ला होता. रंगाच्या खाली अजून बोटाला लागत होता.

इलेक्ट्रिशियन म्हणाला, "ले लो अंकल, एक राउंड मार लो."

अण्णांनी एका किकमध्ये स्टार्ट केली. बहात्तर वर्षांचा माणूस, अंगात बनियन, बिल्डिंगला तीन चकरा! बायका गॅलरीत येऊन टाळ्या वाजवत होत्या. वॉचमनने शिट्टी मारली. मी मोबाइलमध्ये व्हिडिओ काढला, तो आजही आमच्या फॅमिली ग्रुपवर महिन्यातून एकदा फिरतो.

त्यानंतर अण्णा रोज सहालाच उठायला लागले. दाढी करून तयार. कोण येईल काय सांगावं, म्हणून घरात चिवडा-लाडू करून ठेवायला लावायचे. कधी कधी खाली गेटपाशी जाऊन उभे राहायचे, पाहुणा चुकू नये म्हणून. आमचं घर म्हणजे लग्नघर झालं होतं. सतरा तारखेपर्यंत एकही पेटी चुकली नव्हती.

अठराला रात्री जेवताना सई तोंडात घास घेऊन म्हणाली, "मग चोवीसला आजी येणार."

महेशचा हात ताटातच थांबला. मी सईला डोळ्यांनी दटावलं, पण काय उपयोग.

अण्णांनी शांतपणे विचारलं, "चोवीसमध्ये ती आहे?"

"हो. मीच सांगितलं होतं ठेवायला," सई म्हणाली.

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला. मग म्हणाले, "बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी महेश स्वयंपाकघरात आला आणि दार लोटून घेतलं.

"तो फोटो काढून टाक."

"आणि अण्णांना काय सांगायचं?"

"काहीही सांग. दुसरा ठेव. माझा ठेव."

"अहो, तुम्ही इंजिनिअर आहात. काय होणार आहे?"

तो ओट्याला टेकला. मग हळूच म्हणाला, "वर्षा, आणि ती न्यायला आली तर?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं. एरवी मी त्याला चार गोष्टी सुनावल्या असत्या. त्या दिवशी इतकंच म्हणाले, "त्यांचा आनंद बघा. आपल्याला भीती वाटते म्हणून तो काढून घ्यायचा का?" फोटो तिथेच राहिला.

तेवीस तारखेला अण्णा खालच्या सलूनमध्ये जाऊन केस कापून आले. मला म्हणाले, "वर्षा, तो पांढरा शर्ट इस्त्रीला दिलाय ना?" बास. 

चोवीसला बुधवार होता. सईला नाताळची सुट्टी लागली होती, मीही रजा घेतली होती. महेशनेही रजा टाकली होती, घरी कारण सांगितलं होतं 'थोडं पेंडिंग काम आहे'. पेंडिंग काम म्हणजे बीपीचं मशीन घेऊन अण्णांच्या शेजारी बसणं. सकाळपासून तीनदा त्यांचं बीपी घेतलं. नॉर्मल. चौथ्यांदा अण्णांनी पट्टा काढून महेशच्याच दंडाला बांधला. त्याचं वाढलेलं निघालं.

"तूच गोळी घे," अण्णा म्हणाले.

अण्णांनी चोवीस नंबर उघडला. आईंचा तो बँकेच्या पासबुकासाठी काढलेला फोटो – ताठ मान, डोळ्यांवर चष्मा, चेहरा असा की फोटोग्राफरशी भांडण झालंय. अण्णांनी तो बघितला, शर्टाच्या खिशात ठेवला आणि दारासमोरच्या खुर्चीत जाऊन बसले.

नऊ वाजले. दहा. अकरा. जिन्यात पाऊल वाजलं की आम्ही सगळे दाराकडे बघायचो. एकदा कुरिअरवाला, एकदा समोरच्या घरचा गॅस.

सव्वाअकराला बेल वाजली. अण्णांनीच दार उघडलं.

दारात मासळीवाली होती. तिशीतली, उंच, घामाने निथळत होती. टोपली तिने जमिनीवर टेकवली. आमच्याकडे पूर्वी एक वयस्कर मावशी यायच्या, ही कुणी नवीनच होती. नंतर कळलं तिचं नाव हेमा, मुरबे गावची.

"तीन माले हायेत, लिफ्ट पन नाय तुमच्याकडं," ती धापा टाकत म्हणाली. "हे घ्या बोंबील. सुपडं आना, नायतर परात."

"आम्ही नाही हो मागवले," मी मागून म्हणाले. मार्गशीर्ष नुकताच संपला होता, महिनाभर घरात मासळी आली नव्हती. त्या दिवशी कुणाच्या डोक्यातही नव्हती.

"अवो, खाली आजींनी निवडून दिलेत ना! बोलल्या, तिसऱ्या माल्यावर डाव्या हाताचं दार. मालक घरातच हाय, पैसे तो देईल."

महेशचा आवाज चिरका आला. "कुठल्या आजी?"

"आता मला काय म्हाईत कुठल्या! मी आज पयल्यांदा आली या गल्लीत. गेटावर उभ्या व्हत्या. हिरवं लुगडं... नाय, साडी. ठेंगण्या."

अण्णा दाराची चौकट धरून उभे होते. त्यांनी विचारलं, "चष्मा होता?"

"हातात. काली दोरी हाय त्याला. बोंबील बघताना डोल्याला लावायच्या, परत काढायच्या."

आई माझ्या खांद्याला लागायच्या, आणि चष्मा डोळ्यांवर ठेवायचा त्यांना कंटाळा होता. काळ्या दोरीने तो गळ्यात अडकवलेला असायचा. पासबुकाच्या फोटोपुरता तो डोळ्यांवर गेला होता.

"काय म्हणाली?" अण्णा.

"मी बोलली, आजी, करली घ्या, मस्त ताजी हाय. तर बोलल्या, काट्याची मासली नको गो. आमच्या मानसाला काटा काढता येत नाय, खोकत बसतो. बोंबीलच दे."

मंडळी, इथे जरा थांबून सांगते. आई घाटावरच्या. लग्न होऊन बोईसरला येईपर्यंत त्यांनी समुद्राची मासळी बघितलीसुद्धा नव्हती. इथे शिकल्या आणि मग दर बुधवारी आमच्या दारात मासळीवालीशी हेच वाक्य बोलायच्या. 'आमच्या माणसाला काटा काढता येत नाही.' शेजारणी त्यावरून अण्णांना चिडवायच्या.

अण्णांनी अगदी हळू विचारलं, "मग वर का नाही आली?"

"मी पन तेच बोलली ना! म्हटलं, चला, मी हात देते. तर गुडघ्यावर हात ठेवून हसल्या. बोलल्या, हा जिना आता माझ्याच्यानं नाय व्हत बाय, तूच जा." हेमाने पदराने तोंड पुसलं. "अवो काका, त्या ऊनात उभ्या हायेत. एक खुर्ची तरी न्या खाली."

अण्णांनी गॅलरीतली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि निघाले. आम्ही काही म्हणायच्या आत ते जिन्यात होते. पांढरा इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर उलटी खुर्ची, दोन-दोन पायऱ्या उतरत. मागे महेश, हातात बीपीचं मशीन तसंच. त्याच्या मागे सई, मग मी.

गेटवर कुणी नव्हतं.

अण्णांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. मग गेटच्या आत, सावलीत, खुर्ची ठेवली. नीट, पाय हलत नाहीत ना बघून. स्वतः बसले नाहीत, शेजारी उभे राहिले.

महेश वॉचमनला विचारत होता. तो म्हणाला, "कोई माताजी नहीं थी साहब. मच्छीवाली अकेली खड़ी बात कर रही थी. हम समझे कान में फोन लगाया है."

हेमा तोवर खाली आली होती. ती त्याच्यावरच भडकली. "झोपला व्हता का? एवढा वेल उभ्या व्हत्या त्या, तुज्या बाजूलाच!"

अण्णांनी खिशातून फोटो काढून तिच्यासमोर धरला.

"ह्याच," ती लगेच म्हणाली. "पन यात रागावलेल्या दिसतात. मगाशी हसत व्हत्या."

मला वाटलं आता अण्णा कोसळतील. महेश पुढे सरकलासुद्धा. पण अण्णा हसायला लागले. आधी खांदे हलले, मग मोठ्याने, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत. शेवटी त्या खुर्चीत बसले आणि आई गेल्यावर पहिल्यांदा आईंबद्दल बोलले.

"दीड वर्स मागं लागली हुती माझ्या," ते म्हणाले. बोलता बोलता कोरेगावचे झाले होते. "खालच्या मजल्यावर घर बघा, गुडघं चालत न्हाईत. मी म्हणलं, खाली डास चावतील. ओल येईल. दीड वर्स ती बाई खाली उतरली न्हाय, वर्षा. मी डासाचं कारण सांगत बसलो." मग पुन्हा हसले. "बघ की. आली तरी गेटापतुरच आली. जिना काय चढली न्हाय!"

एवढे महिने हा माणूस आत काय घेऊन पडला होता ते मला तेव्हा कळलं. महेश त्यांच्या पायाशी फरशीवर बसला होता आणि दोघं एकमेकांचा हात धरून हसत होते, की रडत होते, मला सांगता येणार नाही. सई मात्र वहीत लिहायला वर पळाली. 'आजी – आली (खालपर्यंत).'

थोड्या वेळाने अण्णा उठले आणि म्हणाले, "चला. एवढं निवडून दिल्यात, खराब व्हायला नकोत."

हेमाला आम्ही वर नेऊन चहा पाजला. तिनेच बोंबील साफ करून दिले, पाणी काढायला पाट्याखाली दाबून ठेवले. रवा लावून मी तळले. अण्णांनी सात खाल्ले. महेशचं बीपी तिसऱ्या बोंबलाला उतरलं.

आता तुम्ही विचाराल, सीसीटीव्ही बघितला का. बघितला. सेक्रेटरींच्या घरी बसून चारदा बघितला. हेमा दिसते. टोपली उतरवते, एकेक बोंबील उचलून समोर धरते, काही बाजूला ठेवते, मान हलवते, एकदा हसते. समोर कोण आहे ते दिसत नाही, कारण नेमका गेटचा खांब मध्ये येतो. खांबाच्या या बाजूला काही सावलीसारखं आहे का म्हणून महेशने फोटो मोठा करून बघितला. नुसते चौकोन दिसले.

बिल्डिंगमध्ये दुसरी कुणी आजी? सगळ्या घरांत विचारलं. हिरव्या साडीची, काळ्या दोरीच्या चष्म्याची कुणी नाही, पाहुणी आलेली नाही. हेमाला कुणी शिकवून पाठवलं? कुणी आणि कशाला? ती आता दर बुधवारी येते. मी दोन-तीनदा फिरवून फिरवून विचारलं, ती एका शब्दाने बदलत नाही. शेवटच्या वेळी तर वैतागली. "ताई, तुमच्या घरातल्या मानसाची तुमाला खात्री नाय, मला हाय!"

बाकीच्या तेवीस दिवसांचं म्हणाल तर त्याला मी अजूनही योगायोग म्हणू शकते... ओढूनताणून. चोविसाव्याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही. सिल्व्हिया म्हणते, वाट बघितली की येतात. हे काही रीडिंग नाही, मी वहीत लिहू शकत नाही.

अण्णांना मात्र काही सिद्ध करायचं नव्हतं. जानेवारीत त्यांनी स्वतः फिरून घरं बघितली आणि या मे महिन्यात आम्ही त्याच गल्लीत पुढच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायला आलो. तिसऱ्या मजल्याचं घर भाड्याने दिलं. इथे ओल येते. डास आहेत, फार आहेत. संध्याकाळी सहाला खिडक्या लावल्या नाहीत तर बसवत नाही. अण्णा मजेत अंग खाजवत गॅलरीत बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलतात.

तळमजला म्हटलं तरी बिल्डरने दाराशी तीन पायऱ्या ठेवल्या आहेत. राहायला आल्यावर तिसऱ्याच दिवशी अण्णांनी फॅब्रिकेटरला बोलावलं आणि त्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी स्टीलचा कठडा लावून घेतला. उंची स्वतः उभं राहून सांगितली. आमच्या कुणाच्याच हाताला तो नीट येत नाही, जरा खालीच आहे.